शामोनी, तीन तास

आज सकाळी समोरच्या काकूंनी फोनवरचा फोटो दाखवला आणि माझं डोकंच फिरलं. परवाच युरोप टूरहून आल्यात. फोटोत लोखंडी कठडा, तो घट्ट धरलेले काकूंचे हात आणि मागे नुसतं पांढरं. "हा माँ ब्लाँ," म्हणाल्या. "अगं, काही दिसलंच नाही बघ. आणि मला तर असं गरगरायला लागलं, मी आपली पायरीवर बसूनच राहिले." टूरचा छापील कार्यक्रम त्यांनी जपून ठेवलाय. त्यात लिहिलंय: शामोनी, जेवण धरून तीन तास. शामोनी म्हणजे फ्रान्समधलं, आल्प्सच्या माँ ब्लाँ शिखराच्या पायथ्याचं गाव.

ज्यांनी हे कागदावर लिहिलं त्यांना डोंगर कळत नाही असं मी म्हणणार नाही. त्यांना चांगलं कळतं, म्हणून तर राग येतो.

बस साडेअकराला पोचली, आधी जेवण, मग दीडला एग्वी द्यु मिदी या सुळक्यावर जाणारी केबल कार. आल्प्समध्ये उन्हाळ्यात दुपारी दीडला वर जायचं? सकाळी उतारांवर ऊन पडतं, दरीतली दमट हवा तापून वर सरकते आणि बाराच्या सुमारास शिखरांना ढग चिकटायला लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटही होतो. वारा किंवा विजा असल्या तर केबल कार बंदच ठेवतात. आपण कळसूबाईला पहाटे चारला टॉर्च घेऊन निघणारी माणसं, आपल्याला हे नवीन आहे का? सकाळी पहिल्या तासाभरातल्या पाळण्याचं तिकीट आधी ऑनलाइन काढायचं, निघण्यापूर्वी वरचा लाइव्ह कॅमेरा बघायचा. वर ढग असतील तर त्या दिवशी जायचंच नाही, दुसरं काहीतरी करायचं. पण त्यासाठी हाताशी दुसरा दिवस हवा ना!

आणि काकूंना गरगरलं ते 'वयामुळे' नाही. टूरवाल्या मुलाने त्यांना तसं सांगितलं म्हणे. शामोनी गाव 1035 मीटरवर. एग्वी द्यु मिदीची वरची गच्ची 3842 मीटरवर. म्हणजे वीसेक मिनिटांत 2800 मीटर. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून 1646 मीटर, यावरून अंदाज करा. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 63 टक्के. तिशीतल्या धडधाकट माणसालाही तिथल्या पायऱ्या चढताना धाप लागते. उपाय साधे आहेत, फक्त कुणीतरी सांगायला हवेत. केबल कार दोन टप्प्यांत जाते. मधल्या प्लाँ द लेग्वी या थांब्याला, 2317 मीटरवर, उतरून अर्धा-पाऊण तास थांबायचं. कानांत दडे बसले की आवंढा गिळायचा. वर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं काही करायचं नाही. जिना चढायचा नाही, फोटोसाठी पळायचं नाही, घोट घोट पाणी प्यायचं. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर 'होईल बरं' म्हणत थांबायचं नाही, पुढच्या पाळण्याने खाली यायचं. खाली उतरणं हेच औषध. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. तान्ह्या बाळांना तर वर नेऊच नये.

काकूंच्या पायात काय होतं माहितीये? कॅनव्हासचे बूट. खाली दरीत पंचवीस अंश, म्हणून अंगात सुती कुडता आणि वर पातळ शाल. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणजे वर सहा-सात अंश आणि त्यात वारा. पुष्कळदा शून्याखालीच. गच्चीच्या लोखंडी जाळीवर बर्फ साचून काच होते. रबरी खाचांचा तळ असलेले बूट, वारा अडवणारं जाकीट, हातमोजे, गडद गॉगल आणि ढग असले तरी सनस्क्रीन. बर्फावरून परतणारं ऊन हनुवटीखालून भाजतं, तिथे क्रीम लावायला सगळे विसरतात.

मान्य आहे, टूरवाल्यांना पन्नास माणसं एका दोरीत सांभाळायची असतात आणि सगळ्यांना चालायला जमत नाही. ठीक. पण मग लोकांकडून 'आल्प्सचा अनुभव' म्हणून पैसे घेऊ नका.

असो. रागावून काय होणार? शामोनीला नुसतं वर जाऊन खाली यायचं नसतं. ही गिर्यारोहणाची पंढरी आहे. 8 ऑगस्ट 1786ला जाक बाल्मा आणि मिशेल पाकार माँ ब्लाँच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले ते याच गावातून. पहिलं हिवाळी ऑलिंपिक 1924 साली इथेच झालं. आणि दोर-कुदळ न धरणाऱ्या साध्या माणसाला इथे पायी जे बघायला मिळतं त्याला तोड नाही.

एक दिवस लाक ब्लाँ या डोंगरातल्या तळ्यासाठी ठेवा. ले प्रा गावातून लिफ्टने, म्हणजे पाळण्यानेच, ला फ्लेजेरला जायचं, सुमारे 1880 मीटर. तिथून तळं 2352 मीटरवर, चढ पावणेपाचशे मीटरचा, सवय असेल तर दीड-दोन तास. पिवळ्या पाट्यांवर अंतर नाही, वेळ लिहिलेली असते; ती नेमाने चालणाऱ्यांची असते, आपण दीडपट धरायची. वाट आधी रुंद, मग दगडांची, वरच्या भागात लाकडी पायऱ्या. तळ्याकाठी उभं राहिलं की दरीपलीकडे एग्वी व्हेर्त आणि द्र्यूचे सुळके, खाली वळत आलेली हिमनदी, आणि नशीब असेल तर हाताच्या अंतरावर वाकड्या शिंगांचे डोंगरी बोकड. त्यांना खायला घालायचं नाही, मागे लागायचं नाही.

इथे चूक कुठे होते सांगते. लोक जूनच्या सुरुवातीला जातात. तेव्हा तळं गोठलेलं आणि घळींमध्ये घट्ट उतरता बर्फ. त्यावरून घसरलं तर खाली दगडच. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत जा. दुसरी चूक, शेवटची लिफ्ट चुकते. मग ले प्रापर्यंत आठशे मीटर उतार, दोन तास, गुडघ्यांचं पार वाटोळं. चढायला लागण्याआधी शेवटच्या लिफ्टची वेळ फोनमध्ये टिपून घ्या आणि तिच्या तासभर आधी पोचायचं ठरवा.

चढ नको असेल तर प्लाँ द लेग्वी ते मोंतांवेर, म्हणजे हिमनदीकाठचं रेल्वे स्टेशन. सहा-सात किलोमीटर, एकूण उतारच, अडीच तास. शेवटी फाटा फुटतो: एक वाट सरळ खाली, दुसरी थोडी चढून 'सिग्नल' नावाच्या जागेकडे. चढाचीच घ्या, तिथून अख्खी मेर द ग्लास ही हिमनदी दिसते. मोंतांवेरहून दातेरी रुळांची लाल गाडी खाली गावात आणून सोडते.

मेर द ग्लासपाशी मात्र पोटात कालवतं. खाली बर्फात कोरलेल्या गुहेकडे जाण्याच्या जुन्या वाटेवर कातळावर सालांच्या पाट्या होत्या, अमुक साली हिमनदी इथपर्यंत होती अशा. 1988मध्ये पाळण्यातून उतरून बर्फापर्यंत जायला जेमतेम तीन पायऱ्या लागत. नंतर त्या पाचशेच्या वर गेल्या. शेवटी 2024मध्ये हिमनदीच्या आणखी वरच्या अंगाला नवा पाळणा बांधावा लागला. फोटो काढायला सांगत नाही मी, अशा पाट्या दिसल्या तर एकेक करून वाचा.

ज्यांना खरंच चालायचंय त्यांच्यासाठी तूर द्यु माँ ब्लाँ, म्हणजे माँ ब्लाँभोवतीची पायी प्रदक्षिणा, आहेच: सुमारे 170 किलोमीटर, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, दहा-अकरा दिवस, एकूण चढ दहा हजार मीटर. मुक्कामाच्या झोपड्या, म्हणजे रेफ्यूज, महिनोन्महिने आधी भरतात. झोपायला स्वतःची चादरीची पिशवी लागते, बूट दाराशी काढायचे, शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवायचं. आयत्या वेळी सांगितलं तर नुसती भाजी निवडून खायची वेळ येते. वाटेत मेंढ्यांचा कळप लागला आणि पांढरं थोराड कुत्रं धावून आलं तर पळू नका, काठी उगारू नका. आपल्याकडे धनगरांच्या वाड्याजवळून जातो तसं, शांतपणे लांबून वळसा. अडचणीत 112. हेलिकॉप्टर आलं तर दोन्ही हात वर म्हणजे 'मदत हवी'. एक वर, एक खाली म्हणजे 'नको'. हौसेने हात हलवून टाटा करू नका, वैमानिकाचा गोंधळ होतो.

पुन्हा काकूंच्या फोटोवर येते. त्यांना मी विचारलं, गावात राहिला असतात तर? म्हणाल्या, "आम्हाला कुठे चालवतंय, काकांचे गुडघे बघतेस ना." याच विचाराने सगळे गप्प बसतात आणि तीन तास पदरात पाडून घेतात.

काकूंना मी कागदावर लिहून दिलंय. शामोनीत दोन रात्री. मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांचं कार्ड मागून घ्यायचं, त्यावर दरीतली बस आणि गाडी फुकट. सकाळी चालू आहे ना एवढं बघून गोंडोलाने, म्हणजे छोट्या पाळण्याने, प्लाँप्राला, 2000 मीटर, म्हणजे श्वासाचा प्रश्न नाही. चालायचं जवळजवळ नाहीच. समोर दरीपलीकडे अख्खा माँ ब्लाँ, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. काका बाहेर बसतील, काकू फोटो काढतील. नऊच्या आत पोचायचं, हे मी लाल पेनाने लिहिलंय.