चाळ पाडली तरी भाडेकरूचा हक्क जात नाही

लालबाग-परळच्या चाळींत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘धोकादायक इमारत पाडली की भाडेकरूचा हक्क संपतो, मिळतील ते पैसे घेऊन खोली सोडा.’ हे साफ चुकीचं आहे. छप्पर गेलं तरी भाडेहक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्येच स्पष्ट केलंय.

उपकरप्राप्त इमारतीचा, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या मुंबईतल्या जुन्या इमारतीचा, मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 33(7) खाली पुनर्विकास झाला, तर दहा बाय बाराच्या खोलीतल्या पात्र भाडेकरूलाही किमान 300 चौरस फूट चटईक्षेत्राचं (भिंतींच्या आत वापरायला मिळणारी जागा) घर मोफत द्यावं लागतं. गिरणगावात टॉवर उठताहेत. कामगारांच्या घरच्यांना तिथून हुसकावण्यासाठी अशी भीती फार सोयीची पडते, म्हणून राग येतो. खोली रिकामी करण्याआधी क्षेत्रफळाची मोजणी लेखी घ्या. जुन्या भाडेपावत्या जपा. कोऱ्या कागदावर सही नकोच.