हिरवी बडीशेप म्हणजे रंग लावलेली बडीशेप नव्हे

‘हिरवीगार बडीशेप रंगवलेली असते, अस्सल बडीशेप पिवळट-तपकिरीच असते,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि त्यामुळे चांगला माल नाकारला जातो, म्हणून हा खुलासा.

रंग ठरतो तो काढणीच्या वेळेवर आणि वाळवण्याच्या पद्धतीवर. बडीशेपेचे छत्रीसारखे फुलोरे एकाच दिवशी पक्व होत नाहीत. आधी मुख्य दांड्यावरचा तयार होतो, मग फांद्यांवरचे. म्हणून चांगला शेतकरी एकदम कापणी न करता तयार झालेले फुलोरे टप्प्याटप्प्याने खुडतो. मेहनत वाढते, पण मालाची प्रत राखली जाते. दाणे पूर्ण भरलेले पण अजून हिरवे असताना खुडून सावलीत वाळवले, तर हरितद्रव्य बरेचसे टिकते. झाडावरच पिकू दिले किंवा कडक उन्हात पसरले, की ते पिवळट होतात. दोन्ही अस्सलच.

अगदी कोवळे असताना खुडलेले बारीक दाणे हिरवे आणि गोडसर लागतात. मुखवासासाठी तेच पसंत केले जातात. मसाल्याला मोठा, पक्व दाणाही उत्तम.

भेसळ होतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. जुन्या मालाला कृत्रिम रंग देण्याचे प्रकार घडतात. ओल्या कापसावर दाणे चोळा. कापूस हिरवागार झाला तर शंका घ्या. मग दाणा चुरडून वास घ्या. गोड, उग्र दरवळ आलाच पाहिजे.