‘धर्मशाळा होत्याच की!’ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. युथ हॉस्टेलांवर, म्हणजे भटकंती करणाऱ्यांसाठीच्या साध्या, सामायिक निवाऱ्यांवर, मी लिहिलं होतं; त्यावरची तुमची रोखठोक प्रतिक्रिया वाचली. पिढ्यान्‌पिढ्या धर्मशाळा असताना ती सुरू करणाऱ्या त्या जर्मन मास्तराचं कौतुक कशाला, आणि युथ हॉस्टेल म्हणजे शेवटी स्वस्तातलं लॉजच, असं तुम्ही म्हणता.

पहिल्यातलं अर्धं मला मान्य. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा वारकरी मिळेल त्या शाळेत, देवळात पथारी टाकतात. गंमत म्हणजे त्या जर्मन मास्तरांना, रिचर्ड शिरमानना, युथ हॉस्टेलची कल्पना सुचली तीही शाळेतच. २६ ऑगस्ट १९०९. जर्मनीतल्याच आल्टेना गावाहून आखेन शहराकडे पोरांना घेऊन पायी निघालेले. वादळी पावसानं गाठलं. एका खेड्यातल्या शाळेनं वर्ग उघडून दिले, शेतकऱ्यानं अंथरायला काड दिलं. पोरं झोपली, मास्तर जागेच. सुट्टीत शाळा रिकाम्या पडतात, मग एकेका दिवसाच्या चालीवर असा निवारा का नको? पुढं आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं हॉस्टेल झालं.

पण मला भिडतो तो १९१५चा नाताळ. पहिलं महायुद्ध चालू. मास्तर तेव्हा जर्मन शिपाई म्हणून व्होज डोंगरात, खंदकात. समोर फ्रेंच. बंदुका थांबल्या आणि दोन्हीकडच्या शिपायांनी काळा पाव, हॅम देऊन वाइन, सिगारेटी घेतल्या. देशोदेशीच्या पोरांना एकमेकांना भेटायला जागा हवी, हे तिथं त्यांच्या डोक्यात बसलं. १९३२ साली ॲमस्टरडॅमला युथ हॉस्टेलांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. लगेच नाझी आले, जर्मनीतली हॉस्टेलं हिटलरच्या युवक संघटनेनं गिळली, मास्तरांना बाजूला व्हावं लागलं. म्हणजे सगळं गोडगोड नाही, हेही मान्य.

आता धर्मशाळा. एका तीर्थाच्या गावी रात्री दहाला मी दार ठोठावलं. व्यवस्थापकांनी वही उघडली, आडनाव विचारलं. सांगितलं. पेन तसंच धरून म्हणाले, “म्हणजे कोणत्यातले?” अमुक समाजाची धर्मशाळा, तमुक समाजाची धर्मशाळा, या पाट्या तुम्हीही वाचल्या असतील. आसरा होता, काका. पण आधी जात कळायला हवी.

युथ हॉस्टेलच्या डॉर्मिटरीत पहिल्यांदा राहिलो तेव्हा वरच्या पलंगावर केरळचा एक पोरगा, शेजारी लातूरकडचे निवृत्त गुरुजी. रजिस्टरात नाव-गाव लिहिलं, कोणत्यातले ते कुणी विचारलं नाही. सकाळी गुरुजींनी स्वतःची चादर घडी केली आणि माझ्याकडं बघत राहिले, मी माझी करेपर्यंत. लॉजमध्ये हे काम पोऱ्या करतो. फरक तेवढाच, आणि माझ्या लेखी तो पुष्कळ आहे.

संडास काही ठिकाणी बरे नसतात, हा तुमचा टोला मात्र बरोबर बसला.

दिवाळीनंतर आम्ही काही जण वेरूळला पायी जातोय. या. ताट-वाटी घरूनच आणा, धुवायचीही आपली आपणच.