खोबरेल, बीडिंग आणि काकांचा राग

काका, नमस्कार. जुन्या गाडीच्या रबरांवर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुनं रबर जपत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, नवं बीडिंग (दाराच्या कडेची रबरी पट्टी) मीटरवर मिळतं, आणि तुम्ही गाडीला ३० वर्षं खोबरेलच लावलंत, दारं कधी गळली नाहीत, तेव्हा ‘खोबरेल नको’ हे माझं पुस्तकी शहाणपण.

आधी माझी चूक कबूल करतो. ‘सुकलेलं रबर परत मऊ होतं’ असं मी लिहून गेलो, ते खरं नाही. रबर कडक होतं ते वाळून नव्हे. गंधकाने बांधलेल्या त्याच्या साखळ्या उन्हा-उष्म्यात आणखी घट्ट बांधल्या जातात, आणि ती गाठ कुठल्याच तेलाने सुटत नाही. दारात वर्षानुवर्षं दबून चपटं झालेलं रबरही पुन्हा उभं राहत नाही. मी केलं ते एवढंच: साबणाच्या पाण्याने धुतलं, सावलीत वाळवलं, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला. मऊ होतं ते मऊ राहिलं. (गाडी रंगवायची असेल तर मात्र ग्रीस आधी लावू नका. सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर रंग फाटतो आणि पेंटरच्या शिव्या खाव्या लागतात.)

खोबरेलाचं मात्र मी मागे घेत नाही. नैसर्गिक रबर तेल पितं. प्यायलं की फुगतं, काळंभोर चमकतं, नवं वाटतं. म्हणून तर आपण सगळेच फसलो. पण त्याची ताकद जाते, बोटाला चिकटतं, आणि आपल्या कोकणात त्यावर बसते चिऱ्याची तांबडी धूळ. मागच्या मे महिन्यात माझ्या ८२ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या दाराचं बीडिंग उलटून पाहिलं. आत तांबडा लेप, पॉलिशपेपरसारखा खरखरीत. दाराच्या कडेचा रंग बरोबर त्याच रेषेत घासून प्रायमर उघडा पडलेला. ते खोबरेल मीच लावलं होतं, बाबांचं बघून. व्हॅसलीनचीही तीच गत.

‘नवं टाका’ हे मला अर्धं पटतं. दाराचं बीडिंग टाकाच, फक्त ईपीडीएम या कृत्रिम रबराचं मागा. हवेतला ओझोन साध्या रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तोडतो, म्हणून ताण असतो त्या कोपऱ्यांवर आधी भेगा पडतात. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत ते बंधच नसतात. पुढच्या काचेचं रबर ही वेगळी गोष्ट. मीटरवरचं आणून कोपऱ्यात वळवलं की चुणी पडते आणि पाणी तिथूनच शिरतं. माझं जुनं कोपऱ्यासकट साच्यातून आलेलं आहे, दाबलं की अजून परत येतं. ते मी ठेवलं.

ते धुवायला काढलं म्हणून तर खरी भानगड कळली. खालच्या डाव्या कोपऱ्यात आधीच्या कुणी मेकॅनिकने काळं सीलंट थापलं होतं. वरून छान, खाली पाणी कोंडलेलं. स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर पत्र्यातून आरपार गेला. टिनकाम (पत्र्याची दुरुस्ती), गंजरोधक रेड ऑक्साईड, रंग, मग काच परत. रबराच्या खाचेत नायलॉनची दोरी, वर साबणपाणी. एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी ओढत न्यायची. रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर चढत जातो तो ‘टप टप’ आवाज ऐकायला मजा येते.

आता तुमची न गळणारी दारं. काचेच्या फटीतून पावसाचं थोडं पाणी दारात उतरतंच, रबर नवं असलं तरी. ते खालच्या कडेच्या भोकांतून निघून जायचं असतं. भोकं बुजली की ते आतच साठतं, गाडीत टिपूसही येत नाही आणि दार खालून कुजत राहतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणारी माणसं आपण, तरी तिकडे कुणी वाकून बघत नाही. बीडिंग अजून धरतंय का तेही पाहा: दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथलं रबर मेलं.

माझी भोकं मी सायकलच्या तारेने मोकळी केली. डाव्या दारातून वाटीभर पाणी आलं, आणि त्यासोबत सुरूच्या सुयांचा काळा झालेला एक अख्खा गुंता.