परिचय मागितलाय? सोडू नका!

वाहिनीवरून फोन येतो, "सर, सातला चर्चा आहे, दोन ओळींचा परिचय पाठवा ना." दोन ओळी? तुमच्या? साडेतीन पानं पाठवा.

सुरुवात जन्मगावापासून करा, मग शाळा, मग वक्तृत्वाची ढाल. चर्चा पाणीटंचाईवर आहे आणि तुम्ही भूजलावर काम करता, ही किरकोळ बाब शेवटच्या पानावर 'छंद'च्या वर टाका. निवेदकाकडे तुमच्यासाठी फार तर अर्धं मिनिट, म्हणजे 50 शब्द असतात. ते तुमच्या शाळेलाच मिळायला हवेत.

पडद्यावर नावाखाली जी पट्टी येते, तिच्यात जेमतेम 30-35 अक्षरं मावतात. 'भूजल अभ्यासक' आरामात बसतं, म्हणूनच टाळायचं. 'संस्थापक-सदस्य व माजी उपाध्यक्ष (प्रभारी), अमुक प्रतिष्ठान' असं द्या. डेस्कवरचं शिकाऊ पोर कात्री लावतं आणि तासभर तुम्ही 'माजी उपाध्यक्ष (प्र' म्हणून झळकता.

आकडे देऊ नका. '12 वर्षं दरमहा 40 विहिरींची पातळी मोजतात' असं लिहिलंत तर तुम्ही नेमकं काय करता ते लोकांना कळेल. त्यापेक्षा 'विविध', 'अनेक', 'मोलाचं योगदान' बरं. पद्म पुरस्कार नावाला जोडू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच बजावलंय. तुमच्या तालुकाभूषणाबद्दल मात्र न्यायालय गप्प आहे, तेव्हा बिनधास्त लावा.

पाठवताना युनिकोड नको. जुन्या श्रीलिपीत टाइप करा, तिकडे तो फाँट नसला की अक्षरांची भेळ होते. त्याहून भारी उपाय म्हणजे छापील कागदाचा तिरका फोटो, कोपऱ्यात स्वतःच्या अंगठ्यासकट. त्यातून नाव कॉपी करता येत नाही, कुणीतरी घाईत पुन्हा टाइप करतं, वेलांटी चुकते आणि तुम्हाला आठवडाभर चिडायला हक्काचं कारण मिळतं. आडनावातला 'ज' जन्मातला की जहाजातला, हेही कळवू नका. थेट प्रक्षेपणात उच्चार चुकेल तेव्हा चुकेल.

आणि हो, सगळं प्रथमपुरुषी लिहा. परिचय हातात पडेपर्यंत सात वाजलेले असतात, निवेदक समोर आलंय तसं वाचत सुटतो, "माझ्या तीन पुस्तकांना राज्यभरातून..." आणि शेजारच्या चौकटीतला प्रवक्ता मोबाइलमधून मान वर काढतो.