'संप'च का, 'बंड' का नाही?

माझ्या कथेवर एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. रागावून लिहिलीत, तेही चालेल; कथा मनाला लागल्याशिवाय कोणी रागावत नाही.

तुमचा मुख्य आक्षेप असा, की कथेतला माझा बातमीदार केशव १९४६ च्या मुंबईतल्या, इंग्रज सरकारविरुद्धच्या नौसैनिकांच्या बंडाला बातमीत 'संप' म्हणतो आणि त्यातून त्या पोरांचा अपमान होतो. कुलाब्यातल्या त्या बंडाच्या स्मारकाचा दाखलाही दिलात. पण स्मारक उभं राहिलं २००१ मध्ये. केशव बातमी लिहितोय १९ फेब्रुवारी १९४६ च्या रात्री, आणि 'संप' हा शब्द त्याचा नाही, खलाशांचाच आहे. 'तलवार' या मुंबईतल्या नौदलाच्या तळावर आदल्या दिवशी त्यांनी निकृष्ट जेवण नाकारलं, आणि मग स्वतःची जी समिती नेमली तिला नाव दिलं केंद्रीय संप समिती. एम. एस. खान अध्यक्ष, मदन सिंग उपाध्यक्ष. मागण्या बघा: धड जेवण, गोऱ्या खलाशांइतका पगार, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका, इंडोनेशियातून भारतीय फौजा परत. 'बंड' म्हणत होतं ते सरकार. संप म्हटला की बोलणी होतात, बंड म्हटलं की कोर्टमार्शल. हे केशवला कळत होतं, म्हणूनच उपसंपादकाने शब्द बदलल्यावर तो छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याकडे जाऊन परत 'संप' करून घेतो. त्या प्रसंगाबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. मला तर तीच सगळी कथा वाटते!

दुसरं, तुम्ही लिहिलंत की २२ तारखेला परळला गोळीबारात कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गेल्या, तेव्हा 'हा पठ्ठ्या कचेरीत बसून राहतो'. हो, बसतो. आदल्या दिवशी फोर्टातल्या नौदलाच्या कॅसल बरॅक्सपाशी गोळ्यांचा आवाज त्याने ऐकलाय. पण फोर्ट आणि गिरणगाव एकाच माणसाच्या वाट्याला कसं येणार? प्रत्येक ठिकाणी नेमका हजर असलेला बातमीदार म्हणजे नाटकातला सूत्रधार. मृतांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. केशवला तो टेलिफोनवरून, तुकड्यातुकड्याने मिळतो, आणि दर आवृत्तीला जुना खोडून नवा घालावा लागतो. त्याच्या हातून तेवढंच होतं.

सरदार पटेलांनी खलाशांना दिलेल्या शरण जाण्याच्या सल्ल्यावर आणि २३ तारखेच्या शरणागतीवर कथेत दोनच ओळी का, असंही विचारलंत. केशवच्या लेखी ती दुसऱ्या कोणाची बातमी होती. पुढाऱ्यांकडे ज्येष्ठ लोक जातात, याला गोदीवर पाठवतात.

ट्रामचं मात्र तुम्ही अचूक पकडलंत. २२ ला शहरभर हरताळ, रस्त्यांवर अडथळे, आणि माझा केशव खुशाल ट्रामने दादरला घरी जातो. ही निव्वळ माझी चूक. आता तो पायी जाईल. म्हणजे घरी पोचायला त्याला मध्यरात्र उलटेल आणि बायकोशी जेवताना होणारं बोलणं सगळं बदलावं लागेल. ते जमलं की नवा मजकूर टाकतो.