टेस्टोस्टेरॉनचं पंचांग

लग्नाचा मुहूर्त टळला तरी पंगत उठतेच. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या तपासणीचा मुहूर्त टळला की रक्त जातं, पैसे जातात आणि हातात येणारा आकडा कुणाच्याच कामाचा नसतो. आमच्या सांगलीत लॅबला तोटा नाही. विश्रामबागेतून मिरजेकडे निघालं की लॅबच्या पाट्या मोजताना सिग्नल सुटतो. पण काउंटरवरच्या ताई विचारणार एवढंच, "उपाशी आहात ना?" शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं, हे विचारायचं त्यांच्या फॉर्मवर नसतं. म्हणून हे हार्मोन बाहेरून घेणाऱ्या आम्हा इंजेक्शनवाल्यांना आपलं पंचांग आपणच मांडावं लागतं.

टेस्टोस्टेरॉन एनँथेट या प्रकाराचं २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दोन-तीन आठवड्यांनी घ्यायचं असतं. त्याची पौर्णिमा एक-दोन दिवसांतच येते आणि पुढे सलग कृष्णपक्ष. दुसऱ्या दिवशी रक्त दिलंत तर आकडा तालमीतल्या पैलवानासारखा मांडी ठोकत येतो आणि डॉक्टर डोस कमी करतात. शेवटच्या दिवशी दिलंत तर तोच माणूस कागदावर मरगळलेला, आणि डोस वाढतो. म्हणून रक्त द्यायचं दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्यावर. चौदा दिवसांचं चक्र असेल तर सातव्या दिवशी. अनडेकॅनोएट या दुसऱ्या प्रकाराचं १००० मिलिग्रॅमचं, दहा ते चौदा आठवडे पुरणारं इंजेक्शन असेल तर उलटा न्याय: पुढची सुई टोचायच्या आधी. इंजेक्शनऐवजी कातडीवर टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांनी निदान आठवडाभर रोज लावून झाल्यावर, त्या दिवशीचं जेल लावल्यानंतर दोन ते आठ तासांत जावं. दंडाला जेल चोपडून तोच हात पुढे करू नये. सुई कातडीवरचं जेलही सोबत घेऊन जाते आणि रिपोर्टात राक्षस उभा राहतो.

उपचार सुरू होण्याआधीच्या निदानाला मात्र घड्याळ लागतं. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी. एका सकाळच्या आकड्यावर जन्मभराचं इंजेक्शन सुरू करू नये. आता उपाशी म्हणजे काय, यावर घरोघरी मतभेद आहेत. संकष्टीला गणपतीचं दर्शन घेऊन, वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाऊन "उपवास आहे" म्हणत लॅबमध्ये येणारे भाविक कमी नाहीत. देवाला चालतं, लॅबला नाही. चहाही नाही. पाणी मात्र भरपूर प्यावं, आणि ते का, हे पुढे येतंय.

कारण या सगळ्या खटाटोपात खरा खलनायक टेस्टोस्टेरॉनचा आकडा नाहीच. तो आहे सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टात मधेच लपलेला पीसीव्ही, म्हणजे हिमॅटोक्रिट: रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का. टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशी वाढवतं आणि रक्त दाट होतं. पीसीव्ही ५४ टक्क्यांच्या वर गेला की डॉक्टर इंजेक्शन थांबवतात. तो उतरला की कमी डोसवर पुन्हा सुरू. घोरणं आणि सिगारेट या दोन गोष्टी त्याला आणखी वर ढकलतात, म्हणून बायकोची घोरण्याची तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचवावी. पण एप्रिलच्या उन्हात घामाघूम होऊन, घोटभरही पाणी न पिता गेलात तर ५२ चे ५४ नुसत्या तहानेनेही होतात. दंडाला पट्टा बांधून ताई फोनवर बोलत राहिल्या तरी तेच. पट्टा मिनिटाच्या आत सुटायला हवा. एवढं सांगायला लाजू नये.

चाळिशीपुढच्यांना पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्तचाचणी असते. तिच्याआधी दोन दिवस सायकल बंद, आणि वैवाहिक जीवनालाही तेवढीच रजा. हे फॉर्मवर कुणी छापत नाही, कारण सगळ्यांनाच संकोच.

केसांचा तिढा तर भारीच. टेस्टोस्टेरॉनने काहींचे केस विरळ होतात, म्हणून माणूस बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करतो. तेच बायोटिन काही यंत्रांना फसवून टेस्टोस्टेरॉन जास्त आणि पीएसए कमी दाखवतं. टक्कल लपवायला गेलं की रिपोर्ट खोटं बोलतो. गोळी दोन-तीन दिवस आधी थांबवावी आणि तसं डॉक्टरांना सांगावं.

फॉर्मवर स्त्री की पुरुष, या चौकोनावरून रिपोर्टातली नॉर्मल पट्टी ठरते. टेस्टोस्टेरॉनवर असलेल्या ट्रान्स पुरुषाचा (जन्मावेळी स्त्री म्हणून नोंद झालेल्या पुरुषाचा) पीसीव्ही स्त्रियांच्या पट्टीशी ताडला तर लाल अक्षरं उगाच उमटतात. तो पुरुषांच्याच पट्टीवर पाहायचा. त्यांना पहिल्या वर्षी ही वारी दर तीन महिन्यांनी. बाकीच्यांना सुरुवातीला तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा.

आणि एककं! एक लॅब ४८० लिहिते, दुसरी ४.८, तिसरी १६.६. तिन्ही एकच: नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि नॅनोमोल प्रति लिटर. ४८० वरून ४.८ वर आलेला माणूस वारसांची नावं लिहायला बसतो. लॅब बदलू नये, हे त्यावरचं साधं औषध.

सुई निघाल्यावर कापूस तीन-चार मिनिटं दाबून धरावा, कोपर दुमडू नये, नाहीतर हात निळा पडतो. मग भडंग खायला मोकळे. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरात, "दूध नको" आणि "गॅस आला" यांच्या मधल्या चौकोनात, सातव्या दिवशीचं "रक्त" लिहून ठेवावं. पाहुणे विचारतात, कुणाचं?